नफा चालतो, मग व्याज का चालत नाही?

मागील अंकात शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर लिहिताना ‘इस्लाममध्ये व्याज निषिद्ध मानले जाते’ असे एक वाक्य येऊन गेले होते. त्या वाक्यावर पुणे शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : कोंढव्यात माझे हार्डवेअरचे दुकान आहे. रोखीने शंभर रुपयांना मिळणारी वस्तू मी उधारीवर एकशे दहाला विकली, तर मौलाना म्हणतात की त्यात गैर काही नाही. शंभर रुपये उसने देऊन एकशे दहा परत घेतले, तर मात्र ते हराम ठरते. दोन्हीकडे दहा रुपयेच जास्त येतात. मग फरक कशात आहे?

आपली शंका फार जुनी आहे. व्याजाची बाजू घेणाऱ्यांचा ‘व्यापार हाही व्याजासारखाच तर आहे’ हा युक्तिवाद कुराणातच नोंदवलेला असून, अल्लाहने व्यापार वैध आणि रिबा निषिद्ध ठरवला आहे, असे उत्तर तेथेच दिलेले आहे. रिबा म्हणजे मुद्दलावर आधीच ठरवून घेतलेली वाढ. या निषेधामागे अरबस्तानातील त्या काळची एक रूढ प्रथा होती. मुदत भरली की धनको ऋणकोला दोनच पर्याय देत असे : फेड कर किंवा रक्कम वाढवून मुदत घे. अशा वाढीतून कर्ज दुप्पट-चौपट होत जाई. म्हणून कुराणाने धनकोचा मुद्दलावरचा हक्क कायम ठेवला, त्यावरची वाढ नाकारली आणि ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, असे सांगितले.

हे आदेश झाले. त्यांच्या आधारे युक्तिवादाची इमारत उभी केली ती पुढच्या तीन-चार शतकांतील धर्मशास्त्रज्ञांनी, म्हणजे फकिहांनी. त्यांच्या विचाराचा कणा प्रेषित मुहम्मद यांच्या एका वचनात आहे. त्याचा आशय असा की, ज्याच्या शिरावर जोखीम, त्याचाच लाभ. आपण दुकानात माल भरता तेव्हा तो गंजू शकतो, त्याचा भाव उतरू शकतो, तो पडून राहू शकतो. विकला जाईपर्यंत त्या मालाचे बरेवाईट आपले असते आणि त्यामुळे त्यावरचा नफाही आपला. पैसे उसने देणारा मात्र मुद्दल परत मिळण्याची हमी आधीच घेऊन बसलेला असतो. घेणाऱ्याच्या धंद्याचे काहीही होवो, त्याचे दहा रुपये ठरलेले असतात. जोखीम न उचलता मिळणारी ही ठरीव वाढ फकिहांना मान्य नाही.

आपल्या उधारीच्या व्यवहाराला चारही प्रमुख सुन्नी पंथांतील बहुसंख्य फकिहांनी मान्यता दिली आहे, पण एका कडक अटीवर. सौदा ठरतानाच एक किंमत पक्की झाली पाहिजे, आणि गिऱ्हाईकाने मुदत चुकवली तरी एकशे दहाचे एकशे पंधरा होता कामा नयेत. आपण ती अट पाळत असाल, तर आपला व्यवहार शास्त्राच्या आत आहे. तरीही तो सीमारेषेजवळचा आहे, हे सांगितले पाहिजे. जुन्या काळी याच सवलतीचा आधार घेऊन एक युक्ती रूढ झाली. गरजूला एखादी वस्तू उधारीवर एकशे दहाला विकायची आणि तीच वस्तू त्याच्याकडून लगेच रोख शंभराला परत घ्यायची. वस्तू जागची हलत नसे आणि हातात पडे ते व्याजी कर्जच. या व्यवहाराबद्दल हनफी पंथाचे प्रवर्तक इमाम अबू हनीफा यांच्या दोन थोर शिष्यांत मतभेद झाला. अबू यूसुफ यांनी तो खपवून घेतला, तर शैबानी यांना तो अत्यंत तिटकाऱ्याचा वाटला. शैबानींचे म्हणणे मला अधिक पटते. हा वाद आजही संपलेला नाही, हे शेवटच्या प्रश्नात दिसेल.

मग भांडवल उभे करायचे कसे? त्यासाठी मुदारबा हा करार होता. एकाने भांडवल द्यायचे आणि दुसऱ्याने श्रम व कसब. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा. ठरलेल्या रकमेत मात्र नाही. तोटा झाला तर भांडवलवाल्याचे पैसे जातात आणि काम करणाऱ्याची मेहनत वाया जाते. प्रेषितांनी स्वतः तरुणपणी खदीजा यांच्या भांडवलावर सीरियाकडे व्यापार केला होता. अकराव्या शतकातील मध्य आशियातील फकीह सरखसी यांनी या कराराची बाजू फार सरळपणे मांडली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, ज्याच्याकडे पैसा असतो त्याला व्यापाराची वाट माहीत असतेच असे नाही, आणि ज्याला वाट माहीत असते त्याच्याकडे पैसा असतोच असे नाही. म्हणून लोकांना या कराराची गरज आहे. भूमध्य समुद्रापासून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत चाललेल्या व्यापारात अशा भागीदाऱ्या सर्रास होत्या. कैरोतील गेनिझा या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात सापडलेल्या ज्यू व्यापाऱ्यांच्या पत्रांतूनही त्या दिसतात. पुढे इटलीतील बंदरांमध्ये रूढ झालेला कॉमेंडा हा करार मुदारबाशी इतका जुळतो की, अनेक इतिहासकार दोहोंचे नाते मानतात.

प्रश्न : मी पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे. आमच्या अभ्यासक्रमात आर्थिक विचारांचा इतिहास ग्रीकांपासून सुरू होतो आणि थेट युरोपच्या मध्ययुगात येतो. मधल्या काळात मुस्लिम विचारवंतांनी काही लिहिलेच नाही का? आणि ‘इस्लामी अर्थशास्त्र’ ही शाखा त्यांचीच मानायची का?

आपल्या पुस्तकातील ती पोकळी नवी नाही. अर्थतज्ज्ञ जोसेफ शुम्पीटर यांच्या 1954 साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांच्या आधीची सुमारे पाचशे वर्षे आर्थिक विश्लेषणाच्या दृष्टीने रिकामी मानली गेली. त्यानंतरच्या संशोधनाने ही समजूत मोडीत काढली, तरी पाठ्यपुस्तके अजून तेथेच अडकलेली दिसतात, याची खंत वाटते.

नाव घेताना सुरुवात अबू यूसुफ यांच्यापासून करावी. इ.स. 798 मध्ये निधन पावलेले हे बगदादचे मुख्य काझी. खलिफा हारून अल्-रशीद यांच्यासाठी त्यांनी जमीन महसुलावर ‘किताब अल्-खराज’ हा ग्रंथ लिहिला. इराकच्या सुपीक खोऱ्यात जमिनीच्या क्षेत्रफळावर ठरीव सारा घेतला जात असे. पीक बुडाले तरी तो भरावा लागे, आणि मग शेतकरी जमीन सोडून पळून जात. त्याऐवजी प्रत्यक्ष पिकाचा प्रमाणशीर हिस्सा घ्यावा, म्हणजे राज्य आणि रयत दोघेही सुगी-दुष्काळाचे वाटेकरी होतील, असे अबू यूसुफ यांनी सुचवले. जोखीम कोणाच्या शिरावर असावी, हाच प्रश्न येथे महसुलाच्या रूपाने पुन्हा समोर येतो. धान्य मुबलक असूनही महाग असू शकते आणि टंचाई असूनही स्वस्त असू शकते, असेही निरीक्षण त्यांनी नोंदवले आहे.

गझाली (1058 ते 1111) यांना आपण तत्त्वज्ञ आणि सूफी म्हणून ओळखतो, पण पैशावरचे त्यांचे विवेचन कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने वाचावे इतके नेमके आहे. वस्तूंची थेट अदलाबदल करताना केशराच्या बदल्यात उंट किती द्यावा, असा प्रश्न पडतो, आणि पैसा त्यावर तोडगा म्हणून येतो. पैशाला त्यांनी आरशाची उपमा दिली : आरशाला स्वतःचा रंग नसतो, पण सगळे रंग त्यात दिसतात. नाणी साठवून ठेवणे हे त्यांच्या मते न्यायाधीशाला तुरुंगात डांबण्यासारखे आहे, कारण वस्तूंच्या मोलाचा निवाडा करणाराच त्यामुळे व्यवहारातून बाद होतो. एक सुई तयार होण्यापूर्वी कितीतरी कारागिरांच्या हातांतून जाते, हेही त्यांनी लिहून ठेवले. श्रमविभागणी समजावणारे टाचणीच्या कारखान्याचे प्रसिद्ध उदाहरण युरोपात येण्याच्या सहा शतकांहून अधिक आधीची ही गोष्ट आहे.

दमास्कसचे इब्न तैमिया (1263 ते 1328) यांनी भाववाढीचा विचार केला. मदिनेत महागाई झाली असताना लोकांनी भाव बांधून देण्याची विनंती केली आणि प्रेषितांनी ती नाकारली, अशी परंपरा आहे. तिच्या आधारे अनेक फकीह सरकारी भावबंदीला विरोध करीत. इब्न तैमिया यांनी त्यात भेद केला. मालाची आवक घटल्याने किंवा मागणी वाढल्याने भाव चढले असतील, तर विक्रेत्याला कमी भावात विकायला लावणे अन्यायाचे आहे. पण साठेबाजीने किंवा मक्तेदारीने भाव चढवले असतील, तर रास्त भावाने विक्री करायला भाग पाडणे हे राज्याचे कर्तव्य आहे. या कामासाठी बाजारात मुहतसिब हा अधिकारी असे. वजने-मापे, नाण्यांचा कस आणि भेसळ यांवर त्याची नजर असे.

काही काळ कैरोत हेच पद सांभाळलेले मकरीझी यांनी 1405 च्या सुमारास इजिप्तच्या दुष्काळावर पुस्तक लिहिले. नाईल नदीचे पाणी कमी आले, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. पदे लाच देऊन विकत घेतली जातात, जमिनीचे खंड भरमसाट वाढले आहेत आणि सोन्याचांदीच्या जागी तांब्याच्या नाण्यांचा सुळसुळाट झाला आहे, ही कारणे त्यांनी पुढे केली. दुष्काळाला राज्यकारभाराचे अपयश म्हणणारा हा लेखक आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. तो वाचला जावा, असे मला मनापासून वाटते.

ट्यूनिसचे इब्न खल्दून (1332 ते 1406) सर्वांत प्रसिद्ध. ‘मुकद्दिमा’ या 1377 मधील ग्रंथात ते म्हणतात की, राजवटीच्या आरंभी कराचे दर कमी असतात आणि उत्पन्न भरपूर येते. अखेरीस दर चढतात आणि उत्पन्न आटते, कारण लोकांची उद्योग करण्याची उमेद खचते. माणसाच्या मिळकतीचे मूल्य मुख्यतः श्रमातून येते, असेही त्यांचे मत होते.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. यांपैकी कोणीही स्वतःला ‘इस्लामी अर्थशास्त्रज्ञ’ म्हणवून घेतले नसते. कोणी फकीह होता, कोणी सूफी, कोणी इतिहासकार. बाजार, महसूल आणि नाणी हे त्यांच्या मोठ्या विचारविश्वाचे भाग होते. भांडवलशाही आणि साम्यवाद यांना पर्याय म्हणून एक संपूर्ण ‘इस्लामी अर्थव्यवस्था’ मांडण्याची कल्पना विसाव्या शतकातली आहे, आणि तिची जडणघडण बरीचशी हिंदुस्थानात, त्यातही दख्खनमध्ये झाली, ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत असते. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील मुहम्मद हमीदुल्लाह यांनी 1930 च्या दशकात या विषयावर लिहायला सुरुवात केली. व्याजाविना कर्ज देणाऱ्या सहकारी संस्था त्याआधीपासून हैदराबादेत होत्या. दिल्लीत हिफ्जुर रहमान सियोहारवी यांचे उर्दू पुस्तक 1939 मध्ये आले. उस्मानियातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक अन्वर इक्बाल कुरेशी यांनी 1946 मध्ये व्याजाच्या सिद्धांतावर इंग्रजीत लिहिले. या विचाराला सर्वांत ठाम राजकीय रूप देणारे अबुल आला मौदूदी यांचा जन्म 1903 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात झाला. इराकमध्ये बाकिर अल्-सद्र यांचा ‘इक्तिसादुना’ हा ग्रंथ 1961 मध्ये आला, आणि 1976 मध्ये मक्केत पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथून ही विद्यापीठीय शाखा झाली. तिला दिशा देणाऱ्यांत गोरखपूरला जन्मलेले आणि अलिगढला शिकवलेले मुहम्मद नजातुल्लाह सिद्दीकी यांचे नाव अग्रभागी आहे.

जुने लेखन हे प्रत्यक्ष बाजार आणि प्रत्यक्ष राज्य पाहून केलेले आहे. विसाव्या शतकातील मांडणीत मात्र वसाहतवादाला उत्तर देण्याची आणि समाजाची ओळख जपण्याची प्रेरणा प्रबळ आहे. तैमूर कुरान या अर्थतज्ज्ञाने तिच्यावर याच मुद्द्यावरून कठोर टीका केली आहे. त्यांची टीका सर्वस्वी मान्य केली नाही तरी, अभ्यास करताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, असा माझा आपल्याला आग्रहाचा सल्ला आहे. गझालींचा आधार घेऊन आजच्या एखाद्या बँकेचे समर्थन करणे इतिहासाला धरून होत नाही.

प्रश्न : आम्ही शिरूर तालुक्यातले. सावकारीविरुद्ध आमच्या भागात दंगे झाले होते. व्याजावर बंधन घालण्याचा विचार फक्त इस्लाममध्येच होता का?

नाही. ॲरिस्टॉटलने पैशातून पैसा निर्माण करण्याला निसर्गविरुद्ध म्हटले, बायबलच्या जुन्या करारात बांधवांकडून व्याज घेण्यास मनाई आहे आणि मध्ययुगीन ख्रिस्ती चर्चचाही व्याजाला निषेध होता. आपल्याकडील धर्मशास्त्राने व्याज मान्य केले, पण त्याला दामदुपटीचा बांध घातला : एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत हा नियम इंग्रजी अमदानीतही लावत असत.

आपल्या भागाचा इतिहास अबू यूसुफ यांच्या प्रश्नाशी थेट जुळतो. इंग्रजांनी रयतवारीत ठरीव रोख सारा आणला. इंदापूर तालुक्यातील प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची पहिली आकारणी इतकी जड झाली की जमिनी ओस पडल्या आणि 1836 च्या सुमारास दर उतरवावे लागले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव आला आणि कर्जेही सैल हाताने मिळाली. पुढे भाव कोसळला, फेरआकारणीत सारा मात्र वाढला, आणि तो भरण्यासाठी कुणबी सावकाराच्या वहीत अडकला. पिकाची सगळी जोखीम शेतकऱ्याची, आणि सरकार व सावकार या दोघांचेही येणे ठरीव, अशी ती स्थिती होती. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात उठाव झाला, तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता; रोखे हाती घेऊन त्यांनी जाळले. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला.

प्रश्न : जकात नेमकी किती आणि कशावर?

ही जकात नाक्यावरच्या करापेक्षा वेगळी, धार्मिक कर्तव्य म्हणून द्यायची आहे. किमान मर्यादेहून जास्त संपत्ती चांद्र वर्षभर जवळ राहिली, तर तिच्यावर अडीच टक्के द्यायचे असतात. ही मर्यादा आपल्याकडे साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी सांगतात. आज चांदी सोन्याच्या मानाने फार स्वस्त असल्यामुळे या दोन मर्यादांत मोठे अंतर पडले आहे, आणि कोणती धरावी यावर विद्वानांत चर्चा चालते. पिकावरचा दर लक्षात घेण्यासारखा आहे : पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, पण कष्टाने पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावाच. ज्याने जास्त खर्च आणि श्रम घातले, त्याच्यावर कमी भार. ही रक्कम कोणाला द्यावी, याचे गरीब, गरजू, कर्जात बुडालेले, वाटसरू असे आठ वर्ग कुराणात सांगितले आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून सहकारनगरला राहतो. व्याजाविना बँक चालते, यावर माझा विश्वास बसत नाही. हे व्याजालाच दिलेले दुसरे नाव नव्हे काय? आणि भारतात अशी बँक का नाही?

आपली शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. इजिप्तमधील मित घम्र या गावी 1963 मध्ये अहमद अल्-नज्जार यांनी जर्मन बचत बँकांच्या धर्तीवर ग्रामीण बचत संस्था काढली. त्याच वर्षी मलेशियात हज यात्रेकरूंच्या बचतीसाठी संस्था स्थापन झाली. 1975 मध्ये जेद्दाह येथे इस्लामिक डेव्हलपमेंट बँक आणि दुबईत दुबई इस्लामिक बँक सुरू झाली. नफ्यातोट्यात भागीदारी, म्हणजे मुदारबा आणि मुशारका (सर्वांनी भांडवल घालून केलेली भागीदारी), हाच या बँकांचा मुख्य व्यवहार असेल, अशी सुरुवातीच्या विचारवंतांची अपेक्षा होती.

प्रत्यक्षात तसे घडले नाही. बहुतेक बँका मुराबहा या प्रकाराकडे वळल्या. समजा, भोसरीतील एका कारखानदाराला दहा लाखांचे यंत्र हवे आहे. बँक ते स्वतः विकत घेते आणि त्याला अकरा लाखांना हप्त्याने विकते. यंत्र ताब्यात देण्यापूर्वी नुकसान झाले तर ते बँकेचे, आणि हप्ता थकला तरी किंमत वाढत नाही. दंड घेतला तर तो धर्मादायाला जातो. एवढा फरक खरा आहे. पण बँकेची मालकी काही मिनिटांची, केवळ कागदावरची असेल आणि नफ्याचा दर बाजारातील व्याजदर पाहून ठरत असेल, तर आपण म्हणता तसे नावच तेवढे बदलते. संघटित तवर्रुकमध्ये तर गरजूला धातूंच्या बाजारातील माल उधारीवर विकून, त्याच्या वतीने लगेच रोखीने विकून टाकतात आणि रोख त्याच्या हातात देतात. शैबानींना तिटकारा वाटलेल्या व्यवहाराचेच हे भावंड आहे, आणि आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 2009 मध्ये शारजा येथील अधिवेशनात ते अमान्य ठरवले. भागीदारी मागे का पडली, हे आपल्याला अनुभवाने माहीत असेल : कर्जदाराचे हिशेब तपासणे खर्चिक असते, नफा लपवला जाण्याची भीती असते आणि ठेवीदाराला आपल्या ठेवीत घट झालेली चालत नाही.

भारतात 1949 च्या बँकिंग नियमन कायद्याची चौकट व्याजावर उभी आहे आणि बँकेने स्वतः मालाची खरेदी-विक्री करण्यास तो मनाई करतो, त्यामुळे मुराबहालाही वाट नाही. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये व्याजमुक्त बँकिंगची सोय असावी, अशी शिफारस केली होती. धर्मामुळे व्याज टाळणारे लोक औपचारिक बँकिंगबाहेर राहतात, असे तिचे कारण होते. मात्र 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. शेअर बाजारात मात्र अडथळा नाही. मद्य, जुगार, व्याजी वित्त असे उद्योग आणि कर्जाचा भार जास्त असलेल्या कंपन्या वगळून बनवलेला शरिया निर्देशांक मुंबई शेअर बाजारात 2010 पासून आहे. लहान रकमांसाठी व्याज न घेता केवळ कामकाजाच्या खर्चापुरते सेवाशुल्क आकारणाऱ्या सहकारी पतसंस्था हा दुसरा मार्ग. तेथे आपण पाहावे ते एवढेच की, शुल्क खर्चाच्या प्रमाणात आहे की कर्जाच्या रकमेच्या आणि मुदतीच्या प्रमाणात. दुसरे असेल, तर ते व्याजच समजावे.